पर्जन्यवृक्ष वाळतायत: औषध टोचायचं की आधी अभ्यास करायचा?

ठाण्यातल्या एका सोसायटीच्या सचिवांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आवारात आणि बाहेरच्या रस्त्यावर मिळून चाळीस पर्जन्यवृक्ष होते. दोन वर्षांत सहा वाळले, आणखी दहा-बारा झाडांचे शेंडे उघडे पडलेत. फांद्यांवर कापसासारखं पांढरं काहीतरी दिसतं. एक कंपनी खोडात औषध टोचून द्यायला तयार आहे, दर झाडामागे. पालिकेचे लोक म्हणतात, पावसाळ्याआधी छाटणी करून घ्या. सोसायटीतच राहणाऱ्या, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम म्हणतात, आपण सगळे मिळून रीतसर अभ्यास करू. "अभ्यास होईपर्यंत झाडं उरतील का? नेमकं कोणाचं ऐकू?"

मॅडमचं ऐका. पण त्यांना एकटं सोडू नका. आणि कंपनीच्या कोटेशनवर या महिन्यात तरी सही करू नका.

मी कृषी पदवीधर. गेली बावीस वर्षं शहरातल्या झाडांचीच कामं करतो: छाटणी, पुनर्रोपण, रोगकीड, पडायला आलेल्या झाडाची तपासणी. औषधाचं इंजेक्शन मीही दिलंय, पैसेही घेतलेत. त्यामुळे पुढचं लिहिताना थोडा स्वतःच्या धंद्याविरुद्ध बोलतोय, हे माहीत आहे.

आधी पांढऱ्या कापसाचं बघू. वर्णनावरून तो पिठ्या ढेकूण आहे. खात्री करायची तर सकाळी ऊन चढायच्या आत खाली पडलेली एक कोवळी काडी उचला आणि दहापट दिसणारं भिंग लावा. दोन-तीन मिलिमीटरचे लांबट गोल किडे, अंगावर मैदा भुरभुरल्यासारखी पूड, पेराच्या बेचक्यात एकमेकांना चिकटून बसलेले. खोडावरून मुंग्यांची रांग वर जात असेल. पिठ्या ढेकूण रस शोषतो आणि गोड चिकट पाणी सोडतो, मुंग्या ते खातात आणि बदल्यात त्याच्या शत्रूंना हुसकावतात. झाडाखाली उभ्या गाड्यांच्या काचा चिकट होतात आणि पानांवर काजळी धरल्यासारखी काळी बुरशी येते, ते याच पाण्यामुळे.

भिंगाखाली एक गंमत जरूर शोधा. त्या पांढऱ्या गर्दीत एखादा किडा बाकीच्यांपेक्षा मोठा, अंगावर लांब पांढऱ्या झिपऱ्या असलेला आणि भरभर चालणारा दिसला, तर तो पिठ्या ढेकूण नाही. ती क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी. ती ढेकूण खाते, आणि दिसते मात्र त्याच्यासारखीच. हा ढालकिडा १८९८ सालापासून आपल्या देशात आहे. लोक कीड समजून आधी हिलाच चिरडतात, आणि फवारणीतही पहिली मरते ती हीच.

दुसरी खात्री, झाड खरंच वाळलंय का. आपल्याकडे पर्जन्यवृक्ष फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पानं गाळतो आणि उन्हाळा तापायला लागला की नवी पालवी धरतो. मार्चमध्ये "झाड मेलं हो" म्हणून मला दरवर्षी फोन येतात. पेन्सिलीएवढी फांदी नखानं खरवडा. साल निघाल्यावर आत ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत, तपकिरी आणि कोरडं असेल तर गेली. हे शेंड्याकडून खोडाकडे तपासत या. मरण कुठपर्यंत उतरलंय ते कळतं.

आता मुद्दा. मुंबई-ठाण्यात गेल्या दशकात पर्जन्यवृक्ष मोठ्या संख्येनं वाळले आणि खापर पिठ्या ढेकणावर फुटलं. ढेकूण होता, यात वाद नाही. पण एकाच रस्त्यावर, एकाच वयाच्या दोन झाडांवर तो असतो; एक मरतं आणि दुसरं पुढच्या जूनमध्ये पुन्हा हिरवं होतं. का? माझा अंदाज मुळांकडे जातो. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. त्यावर आपण पेव्हर ब्लॉक ठोकले, खोडाच्या सालीला भिडवून काँक्रीट ओतलं, गॅसच्या नळासाठी एका बाजूनं चर खणला. मुळं तुटलेलं झाड लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षं साठवलेल्यावर निभावतं. मग ढेकूण येतो आणि नाव त्याचं होतं. हे खरं असेल तर खोडात औषध टोचणं म्हणजे हल्याला रोग आणि पखालीला इंजेक्शन.

पण हा अंदाजच आहे. कंपनीचाही अंदाज आहे आणि पालिकेचाही. म्हणून अभ्यास.

असे अभ्यास फळतात कसे, याचं आपल्या देशातलं एक चांगलं उदाहरण याच कुळातल्या किडीचं आहे. २००८ साली कोइंबतूरला पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण पहिल्यांदा सापडला आणि पाहता पाहता पपई, तुती, टॅपिओका, सगळ्यांत घुसला. शेतकऱ्यांनी औषधांवर औषधं मारली, उपयोग झाला नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी-कीटक संस्थेनं २०१० साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मदतीनं प्युर्टो रिकोहून तीन जातींच्या बारीक गांधीलमाश्या आणल्या. टाचणीच्या डोक्याएवढ्या. त्या ढेकणाच्या अंगात अंडी घालतात. संस्थेनं त्या वाढवल्या; कृषी विद्यापीठं, कृषी विज्ञान केंद्रं आणि शेतकरी यांच्या हातून त्या शेतांत पोचल्या आणि कीड आटोक्यात आली. यातल्या कोणत्याही एकाला हे जमलं नसतं. आणि सुरुवात झाली ती किडीची जात नेमकी ओळखण्यापासून. कारण त्या माश्या जात बघून शिकार करतात. पपईवरच्या ढेकणाची माशी तुमच्या झाडावरच्या ढेकणाला तोंड लावेलच असं नाही.

त्यामुळे तुमचं पहिलं काम ओळख पटवणं. छोट्या बाटलीत सत्तर टक्के अल्कोहोल घ्या, त्यात पंधरा-वीस ढेकूण काडीसकट टाका. आत कागदाची चिठ्ठी ठेवा: तारीख, जागा, झाडाचा नंबर. लिहायचं पेन्सिलीनं. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि निळं पाणी घेऊन प्रयोगशाळेत गेलं की तिथले लोक हसतात, माझ्यावर हसलेत. झाडाच्या बुंध्याशी लाकडासारखी टणक, तपकिरी, चकाकती अळंबी आली असेल तर ती गॅनोडर्मा नावाची बुरशी असू शकते, आणि मग प्रश्न वेगळा होतो. तिथे झाड मुळाशी सडलेलं असतं आणि माणसांच्या जिवाला धोका असतो. तिचा तुकडा कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये घाम सुटून कुजतो. बुरशी ओळखून देण्याचं काम पुण्याची आघारकर संशोधन संस्था करते, देशाचा बुरशींचा राष्ट्रीय संग्रह तिथेच आहे. किडीसाठी बंगळुरूची वर सांगितलेली संस्था. मॅडमनी कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र दिलं तर काम सोपं होतं. सोसायटीच्या पत्राला तेवढं वजन पडत नाही, हे कटू असलं तरी खरं.

दुसरं काम नंबर घालणं. पालिकेच्या गणनेत झाडं मोजलेली असतात. मुंबईच्या २०१८च्या गणनेत २९ लाख ७५ हजारांच्या आसपास झाडं निघाली. पण गणना म्हणजे एका दिवसाचा फोटो. झाड सुधारतंय की खंगतंय, हे कळायला तेच झाड पुन्हा पुन्हा बघावं लागतं. नंबराची पट्टी सुतळीनं सैल बांधा. खिळा ठोकू नका. झाडाच्या आरोग्याचा अभ्यास आणि सुरुवात खिळ्यानं, असं मी पाहिलंय. (मेलबर्न शहरानं झाडांना नंबर आणि ईमेल पत्ते दिले, तुटलेल्या फांदीची तक्रार करता यावी म्हणून. लोकांनी झाडांनाच प्रेमपत्रं लिहिली. आपल्याकडे बहुधा पार्किंगच्या तक्रारी येतील.)

प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजा. घेराचा फोटो नव्हे, शेंड्याचा फोटो काढा, आणि तो दर वेळी एकाच जागेवरून. जागा ठरवायला फरशीवर ऑइलपेंटचा ठिपका काढा. शेंडा किती उघडा पडलाय याला शून्य ते पाच गुण द्या. दोन माणसांनी एकमेकांचं न बघता द्यायचे. पहिल्या दिवशी दोघांचे आकडे जुळणार नाहीत, भांडण होईल. होऊ द्या. दोघं "तीन" कशाला म्हणतात हे त्या भांडणातच ठरतं.

माती तपासायला यंत्र नको. दोन्ही तोंडं कापलेला तेलाचा गोल डबा घ्या, खोडापासून दोन मीटरवर मातीत चार बोटं ठोका, एक लिटर पाणी ओता आणि घड्याळ लावा. मोकळ्या मातीत पाणी थोड्या मिनिटांत जिरतं. गाड्या उभ्या राहणाऱ्या जागी मी तासाभरानंतरही डब्यात पाणी पाहिलंय, वर डास फिरत होते. उरलेल्या चौतीसही झाडांशी हे करा. जिथे फरशी आहे तिथे नुसतं "फरशी" लिहा; तीही माहितीच आहे.

आणि वॉचमनला विचारा. खरंच सांगतो, सगळ्यात मोलाची नोंद त्याच्याकडे असते. कोणत्या साली कोणत्या बाजूनं केबलचा चर खणला, कोणत्या झाडाखाली रंगकामवाले टर्पेंटाइन ओतायचे, पाण्याच्या टाकीचं ओव्हरफ्लो कुठे जातं. झाडणाऱ्या मावशींना कुठल्या झाडाखाली पानं आधी पडतात हे पाठ असतं. एका ठिकाणी कॉलेजच्या मुलांनी तीन महिने डोकं खाजवलं की एकाच ओळीतली पाच झाडं का वाळली. मावशी म्हणाल्या, "तिथं जनरेटर ठेवला होता ना दोन वर्षं." धुराचं तोंड झाडांकडे होतं. त्यांना तोवर कोणी विचारलंच नव्हतं. अभ्यासाच्या कागदावर त्यांचं नाव टाका आणि वेळेचे पैसे द्या.

आता ज्या गोष्टीवर तुमच्या सभेत आरडाओरडा होणार आहे ती. काही झाडांना काहीही करायचं नाही.

हे मला समजायला एक फजिती व्हावी लागली. साधारण दहा वर्षांपूर्वी एका वसाहतीत आम्ही सगळ्याच झाडांवर एकदम काम केलं: कडुनिंबाच्या तेलाची फवारणी, जोरदार पाण्याचे फवारे, खोडात औषध, बुंध्याशी शेणखत. मे महिन्यात केलं. जुलैत झाडं हिरवीगार. 'आपली झाडं वाचली' असा फ्लेक्स लागला, माझा फोटोही त्यात. पुढच्या एप्रिलमध्ये ढेकूण जसाच्या तसा परत आला. तेव्हा कोणी विचारलं असतं की मागच्या वर्षी नेमकं कशानं बरं वाटलं, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पिठ्या ढेकूण कोरड्या उन्हाळ्यात फोफावतो आणि धो धो पावसात धुऊन जातो. जुलैतला हिरवा रंग कदाचित नुसत्या पावसाचा होता. न हात लावलेलं एक जरी झाड मी बाजूला ठेवलं असतं तर कळलं असतं. लोकांचे पैसे गेले, आणि शिकायचं होतं तेही हातातून गेलं.

म्हणून चौतीस झाडांचे तीन गट करा. जास्त नकोत, एवढ्या झाडांत चार-पाच औषधं तपासायला गेलात तर काहीच सिद्ध होणार नाही. एका गटाची माती मोकळी करायची. दुसऱ्याची माती मोकळी करून शिवाय किडीवर उपाय. तिसऱ्याला काही नाही. कोणतं झाड कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, पण आधी झाडांचे त्यांच्या आजच्या गुणांनुसार गठ्ठे करा, म्हणजे सगळी आजारी झाडं एकाच गटात जाणार नाहीत. चिठ्ठ्या सभेतच लहान मुलाच्या हातून काढा. नाहीतर अध्यक्षांच्या खिडकीसमोरचं झाड हमखास उपचाराच्या गटात जातं.

गॅनोडर्मा असलेलं किंवा झुकलेलं झाड अभ्यासात घेऊ नका. त्याची सुरक्षेची तपासणी लगेच, वेगळी.

माती मोकळी करणं म्हणजे ब्रेकर लावणं नव्हे. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता, त्यानंतर इतरही काही शहरांत पालिका हे करतात. पण ठेकेदार मशिननं काँक्रीटबरोबर मुळंही उपटतो. पेव्हर हातानं उचला, खालची दगडाची भुकटी खुरप्यानं काढा, जाड मूळ दिसलं की थांबा. वर पालापाचोळा आणि कुजलेलं खत, तीन-चार बोटं. खोडाला टेकवायचं नाही. हौसेनं बांधलेल्या पारात लाल मातीचा ढीग घालून खोड गाडणं ही तर आपली जुनी खोड, त्यानं साल कुजते.

किडीच्या उपायात काय घ्यायचं ते मॅडम आणि कीटकशास्त्राचा माणूस मिळून ठरवू देत. खोडात टोचण्याबद्दल माझं मत बदललंय त्याची दोन कारणं. टोचतात ते बहुधा इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध. ते रसात भिनतं आणि फुलांच्या मधातही उतरू शकतं. पर्जन्यवृक्षाच्या त्या गुलाबी झुबक्यांवर मधमाश्या किती असतात, हे एप्रिलच्या सकाळी खाली उभं राहून बघा. शिवाय मी पाहिलेल्या डब्यांवर पिकांची नावं होती, पर्जन्यवृक्षाचं नव्हतं. दुसरं कारण भोकांचं. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं करवतीनं उभी चिरून दाखवलं की झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंत घालून ती आत कोंडून टाकतं. म्हणजे प्रत्येक भोक आयुष्यभर आत राहतं. तगड्या झाडाला ते परवडतं. खंगलेल्या झाडाला भिंत घालायलाही ताकद लागते.

कंपनीला तरीही हाकलू नका. त्यांना सांगा: दुसऱ्या गटातल्या निम्म्या झाडांना तुमच्या खर्चानं टोचा, झाडं चिठ्ठीनं आम्ही निवडू, निकाल काहीही आला तरी जाहीर करू, आणि फुलोरा संपल्याशिवाय सुई लावायची नाही. हो म्हणाले तर एक भागीदार मिळाला. नाही म्हणाले तर झाडामागे लागणारे तेवढे पैसे वाचले.

पालिकेशिवाय मात्र काहीही सुरू करू नका. १९७५च्या महाराष्ट्राच्या झाडांच्या कायद्यानं वृक्ष प्राधिकरण आलं; रस्त्यावरच्या झाडाला हात लावायचा तर लेखी परवानगी हवी, आवारातल्या झाडाच्या छाटणीलाही. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड पुरातन वृक्षात धरलं जातं, तुमच्यातली काही त्यात बसत असतील. वृक्ष अधिकाऱ्याकडे तक्रार घेऊन जाऊ नका, नंबर घातलेला नकाशा घेऊन जा. त्यांच्यामागे शेकडो अर्ज असतात. तयार नकाशा आणणारा माणूस विरळा. एकच मागा: दोन वर्षं या चौतीस झाडांची मान्सूनपूर्व छाटणी तुम्हाला कळवल्याशिवाय होऊ नये. नाहीतर मेमध्ये ठेकेदाराची गाडी येते, तिन्ही गटांचे शेंडे सरसकट उडवते आणि अभ्यास तिथेच संपतो. धोक्याची फांदी काढायची असेल तर काढावीच, फक्त नोंद व्हावी.

कॉलेजची अडचण वेगळी. परीक्षा एप्रिलमध्ये, मग सुट्टी. ढेकूण नेमका त्याच दिवसांत शिखरावर असतो. मी पाहिलेल्या बहुतेक विद्यार्थी-प्रकल्पांच्या वहीत मे महिना कोरा असतो. एप्रिल ते जूनची मोजणी म्हणून सोसायटीतल्या निवृत्त मंडळींनी घ्यावी, दर पंधरा दिवसांनी. मुलांनी पावसाळा आणि हिवाळा सांभाळावा.

किती काळ? किमान दोन पूर्ण उन्हाळे. तोवर झाडं उरतील का, हा तुमचा प्रश्न. काही उरणार नाहीत, आणि त्यातली काही उपचार केलेल्या गटातलीही असतील. न हात लावलेल्या गटातलं झाड अगदीच ढासळलं, म्हणजे उघडेपणाचे गुण सलग दोनदा वाढले, तर त्याला उपचार द्यायचे आणि तारीख लिहायची. हा नियम आधीच कागदावर ठेवा, म्हणजे तेव्हा भांडण नको. त्याच कागदावर नोंदी कोणाच्या मालकीच्या, निबंध छापला तर नावं कोणाची, आणि काहीच फरक दिसला नाही तरी ते जाहीर करायचं, हेही लिहा. एक पान पुरतं.

मेलेल्या सहा झाडांचं तुम्ही शेवटी विचारलंय, तोडून टाकू का म्हणून. परवानगी घेऊन तोडा, गाड्यांवर पडण्याआधी. पण तोडणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की प्रत्येक झाडाच्या दोन चकत्या हव्यात, एक कमरेच्या उंचीची, एक अगदी बुंध्याची, जमलं तर मुळाचा हातभर तुकडाही. आत काळपट पट्टे, सड, पोकळी, जुन्या खिळ्यांचे डाग, काय दिसतं ते मॅडम बघतील. चकतीवर नंबर खडूनं लगेच घाला आणि सावलीत सुकवा. स्वतः तिथे उभे राहा, कारण लाकूड एकदा ट्रकमध्ये चढलं की कोणती चकती कोणत्या झाडाची, हे ट्रकवालाही सांगू शकत नाही.